झीज

जुन्या देवळात गेल्यावर बघायचं तरी काय, असं वाटलं तर एकच गोष्ट निवडावी आणि तिचाच माग काढावा. सगळं बघायला निघालेल्या माणसाच्या हाती शेवटी फोटो तेवढे उरतात. आज आपण झीज बघू. मूर्ती ओळखायला पुस्तक लागतं, शिखराचा प्रकार ठरवायला जाणकार लागतो. झीज बघायला वेळ सोडून काहीच लागत नाही.

ठिकाण अंबरनाथचं घेऊ, आणि मुद्दाम घेऊ. वेरूळला किंवा हंपीला जाताना माणूस भारावून जायची तयारी घरूनच करून निघतो. अंबरनाथला तशी सोय नाही. कर्जत लोकलने उतरायचं, पूर्वेला बाहेर पडायचं, रिक्षा करायची. दुकानांच्या पाट्या, वाढदिवसाचे फ्लेक्स, इमारती, आणि मग वालधुनीच्या काठाला काळ्या दगडाचं देऊळ. नदीला वास येतो. येऊ द्या. श्रावणी सोमवार आणि महाशिवरात्र मात्र टाळा, कारण रांगेत मागचा माणूस आपल्याला थांबू देत नाही, आणि आजचं सगळं काम थांबण्याचं आहे. मधला एखादा वार, सकाळची वेळ बरी.

आत शिरू नका. थोडं लांब उभे राहा. श्वास नेहमीसारखा चालू द्या, मुद्दाम खोल घेण्याची गरज नाही. नजर वर न्या.

वर शिखर पूर्ण नाही. चार दिशांना वर चढत गेलेले नक्षीचे उभे पट्टे दिसतील, त्यांच्या मध्ये छोट्या छोट्या शिखरांच्या ओळी. भूमिज म्हणतात ही घडण. ते पट्टे वर जात जात जिथे एकत्र यायला हवे होते, तिथे आता आभाळ आहे. तुमची नजर ती उरलेली रेघ आपोआप पुरी करू पाहील. करू द्या. मग परत, जिथे दगड खरोखर संपतो तिथे आणा. असं दोन-तीनदा केलं की लक्षात येतं, अपुऱ्या वास्तूपुढे आपण नुसतं बघत नाही, थोडं बांधकामही करतो. पडक्या जागांची ओढ असण्याचं एक कारण हे असावं. पुरं झालेलं देऊळ आपल्याला काही काम देत नाही.

इथली गोष्ट ठाऊक असेलच: पांडवांनी एका रात्रीत देऊळ बांधायला घेतलं, उजाडलं आणि वरचं काम राहिलं. महाराष्ट्रात अशा एका रात्रीतल्या देवळांना तोटा नाही. मला ही गोष्ट आवडते आणि तिचा रागही येतो. आवडते, कारण हे काम माणसाचं वाटत नाही अशी ती सरळ कबुली आहे. राग येतो, कारण ज्यांनी उन्हातान्हात बसून खरोखर टाकी चालवली त्या पाथरवटांची सगळी वर्षं ती एका रात्रीत गुंडाळते. देवळातल्या शिलालेखात शके 982 आहे, म्हणजे इसवी सन 1060. त्यात उत्तर कोकणच्या शिलाहार घराण्यातल्या मुम्मुणीचं नाव येतं. (गावोगावी अशा देवळांना हेमाडपंती म्हणून मोकळे होतात. हेमाडपंत देवगिरीच्या यादवांचा मंत्री, तेराव्या शतकातला. हे देऊळ उभं राहिलं तेव्हा त्याच्या जन्माला दीड-दोनशे वर्षं अवकाश होता.)

आता भिंतीजवळ जा. हात लावू नका, हात मागे बांधा. हाताच्या अंतरावर चेहरा आणा आणि कोरीवकाम सोडून नुसता दगड बघा.

हा बसाल्ट. दख्खनच्या लाव्हाचा दगड, साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी थंड झालेला. त्यावर टाकी पडली ती साडेनऊशे वर्षांपूर्वी. हे दोन आकडे एकदम मनात मावत नाहीत, म्हणून घाई न करता एकामागून एक घ्या. आधी पहिला. त्यात माणूस कुठेच नाही. मग दुसरा. दगडाच्या आयुष्यात देवळाची वर्षं इतकी थोडी, की आपण ज्याला प्राचीन म्हणतो ते त्या दगडाच्या लेखी कालपरवाचं. चुना न लावता, दगडावर दगड बसवून हे उभं केलं. सांधे शोधा. काही ठिकाणी सांध्यात नखही शिरणार नाही असं वाटतं, काही ठिकाणी दगड थोडा सरकून फट पडलेली असते. ती फट म्हणजे झिजेला घरात घेणारं दार. पाणी तिथून आत जातं, मातीचा कण जातो, बी जातं.

आता मूर्ती. भिंतीवर एखादी सुरसुंदरी, म्हणजे अप्सरा, निवडा, तिच्यापुढे उभे राहा आणि पुढच्या मूर्तीकडे सरकू नका.

कोकणपट्टीचा पाऊस वर्षाला दोन-अडीच हजार मिलिमीटर पडतो. तो दगडावरून कसा उतरला असेल ते या अंगावर वाचता येतं. जे पुढे आलेलं, ते आधी जातं. नाक जातं. मग बोटं, कोपर, हातातली वस्तू, पुढे टाकलेल्या पायाचा अंगठा. जे आत, आडोशाला, ते टिकतं: मानेमागची केसांची गाठ, काखेजवळची वस्त्राची चुणी, दोन पायांमधल्या खोलगट जागेतली मेखलेची लोंबती लड. म्हणजे शिल्पकाराने जे मिरवण्यासाठी कोरलं ते पुसट झालं, आणि जे कुणी बघेल न बघेल अशा कोपऱ्यात कोरलं ते अजून धारदार आहे. त्या कोपऱ्यातही त्याने हात आखडता घेतलेला नाही, हेही झिजेमुळेच कळलं.

चेहरा गेला तरी बाई गेलेली नाही, हे बघा. कमरेचा बाक आहे. एका पायावर टाकलेला भार आहे, दुसऱ्याची टाच किंचित उचललेली. देवांच्या मूर्तींचं तर जास्तच अवघड होतं, कारण देव ओळखायचा तो हातातल्या वस्तूंवरून, आणि त्या तर सगळ्यांत आधी जातात. मग उरतं ते उभं राहणं. तिथे जरा जास्त वेळ द्या. नाव, खूण, चेहरा हे सगळं काढून घेतल्यावर आपल्यातलं काय उरेल, असा एक विचार इथे डोकावतो. त्याला उत्तर द्यायची गरज नाही. आला, बसला, की आपण परत मूर्तीच्या टाचेकडे यायचं.

1868 मध्ये मुंबईहून चित्रकार आणि कारागीर इथे येऊन राहिले होते. त्यांनी देवळाचे मोजमापी नकाशे काढले, शिल्पांचे प्लास्टरचे साचे घेतले. तेव्हाही देऊळ आठशे वर्षांचं झालेलं होतं, आणि तेव्हाचं जे साच्यात उतरलं, त्यातलं काही दगडावरून नंतर गेलेलं असणार. झिजेचं हे लक्षात ठेवायला हवं, ती कधी झालेली नसते, चालू असते. आपण समोर उभे असतानाही.

काही मूर्ती झिजलेल्या नाहीत, फोडलेल्या आहेत. इथे मनाला लगेच कुणाचं तरी नाव हवं असतं, आणि सोबत एखादा माहीतगार असला तर तो ते पुरवतोही. घाई करू नका. कुणीतरी घण घातलेला असू शकतो. वरून निखळलेली शिळा आदळलेली असू शकते. मूर्तीचा तुकडा उचलून नेलेलाही असू शकतो. तुटलेल्या जागेची कड बघा. अजून तीक्ष्ण आहे, की पावसाने तिलाही गोल करत आणलंय? एवढंच आपण डोळ्यांनी सांगू शकतो. त्यापुढचं काम अभ्यासकांचं. राग आला असेल तर तो घेऊनच आत चला, दाराशी चपलांबरोबर काढून ठेवण्याइतका तो सोपा नसतो.

देवळाचं तोंड पश्चिमेला आहे. मंडपात पाऊल टाकलं की आधी काहीच दिसत नाही. डोळे सरावेपर्यंत थांबा. चार खांब हळूहळू अंधारातून पुढे येतील, वर गोलात गोल बसवलेलं छत येईल. लोक इथे मान वर करून फिरतात. आपण आज मान खाली घालू.

पायांखाली जमीन गुळगुळीत आहे. उंबरठे आणि पायऱ्या बघा, मध्यभागी किती खाली गेल्यात ते कडेशी ताडून बघा. पूर्वी घरातला पाटा वाटून वाटून असाच गुळगुळीत व्हायचा, मग दारावरून टाकी लावणारी बाई ओरडत गेली की आई तिला थांबवायची, आणि ठकठक करून पाट्याला पुन्हा खरखर आणली जायची. देवळाच्या पायरीला तशी टाकी कुणी लावत नाही. ती गुळगुळीत होतच राहते.

मनातल्या मनात हिशेब करा. रोज फक्त पन्नास माणसं आत गेली असं धरू. नऊशे साठ वर्षांत ती पावणेदोन कोटी होतात. आत गेलेला माणूस परत येतो, म्हणजे दुप्पट. पावलागणिक दगडाचं जे गेलं ते कुठल्याच काट्यावर मोजता येणार नाही इतकं थोडं. त्याची बेरीज तुमच्या टाचेखाली आहे. टाच जरा तिथेच टेकू द्या.

कोण असतील ही माणसं? कल्याण जवळच, जुनं बंदर; तिथून वर घाटाकडे माल नेणारे असतील. भात लावून झाल्यावर आलेले कुणबी, आगरी. शिलाहार गेले, यादव आले नि गेले, सुलतान, पोर्तुगीज, मराठे, इंग्रज. 1854 मध्ये रेल्वे कल्याणला पोचली आणि पुढे कारखाने आले, गिरणी-कारखान्यातून सुटलेला माणूस आला. आज कंपनीच्या बसमधून उतरलेला, गळ्यात ओळखपत्र असलेला पोरगा पाच मिनिटं येऊन जातो. ह्यांच्यातल्या एकाचंही नाव कुठे कोरलेलं नाही. पण राजाचा लेख वाचायला तज्ज्ञ लागतो आणि ह्यांची पायरी अनवाणी पायाला कळते.

गाभारा खाली आहे. मंडपातून वीसेक पायऱ्या उतराव्या लागतात. एकेक पायरी उतरताना दुसरा पाय येईपर्यंत पहिल्याला थांबवा. हवा बदलते, ओल लागते, बेल आणि दुधाचा वास येतो. खाली पिंड, आणि वर बघाल तर शिखर नसल्यामुळे उजेड थेट वरून येतो. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, असं आपण ऊठसूट एकमेकांना ऐकवतो. देवपण आल्यानंतर काय सोसावं लागतं, ते इथे दिसतं: पाणी, दूध, हळद, हाताचा घाम, कपाळ. कारागिराने काही वर्षं कोरलं. त्यापुढची सगळी वर्षं भाविक कोरतायत, फार हळू, काय कोरतोय ते माहीत नसताना. इथे डोळे मिटायचे तर मिटा, मिटलेच पाहिजेत असं नाही. मागे कुणी वाट बघत असेल तर त्याला जागा द्या.

वर येऊन बाहेरच्या आवारात कुठेतरी बसा, कारण अजून एक झीज राहिली आणि ती सांगताना माझा स्वर बदलणार आहे.

पाऊस, पाऊल, अभिषेक ह्यांना शतकं लागतात. ऑइल पेंटचा डबा एका दुपारी काम करतो. महाराष्ट्रभर गावोगावच्या जुन्या देवळांत जा: खांबांना चॉकलेटी रंग, कीर्तिमुखाला लाल जीभ आणि पांढरे दात, सुरसुंदरीला चंदेरी. जमिनीवर चकचकीत फरशी, भिंतींना स्नानघरातल्या टाइल्स, मंडपापुढे पत्र्याची शेड. रंगाखाली दगडाचा श्वास कोंडतो, आत शिरलेली ओल बाहेर पडू शकत नाही आणि पापुद्रे सुटायला लागतात. कुठे रंग काढायला म्हणून वाळूचा मारा करतात, तो रंगाबरोबर टाकीच्या खुणाही घेऊन जातो. हे कुणी शत्रू करत नाही. वर्गणी काढून, भक्तीने, सरपंचांच्या हस्ते होतं. मला ते पावसापेक्षा आणि घणापेक्षाही वाईट वाटतं, कारण पायऱ्यांवरच्या त्या कोटी-कोटी पावलांचा पुरावा ते एका फरशीखाली गाडतं.

अंबरनाथ केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे संरक्षित आहे, 1958 च्या कायद्याने तिथे असले उद्योग करता येत नाहीत. तुमच्या गावच्या देवळाला बहुधा कुठलाच कायदा लागू नाही. त्याचं काय करायचं ते दिवाळीत किंवा जत्रेच्या आधी, पारावरच्या एका बैठकीत ठरतं. म्हणून ही विनंती. त्या बैठकीला जा. जीर्णोद्धाराला विरोध करू नका, लोकांना वाईट वाटतं आणि गळकं छप्पर खरंच दुरुस्त करायचं असतं. फक्त रंगाचा आणि फरशीचा विषय निघाला की हात वर करा आणि सांगा, पैसे आहेत तर आधी छतावरची झाडं मुळासकट काढू, पाणी वाहून जायला वाट करू, जुनी देवळं दुरुस्त करणाऱ्या वास्तुतज्ज्ञाला एकदा बोलावून दाखवू. उंबरठा आहे तसाच राहू द्या.