सोन्या, सोनं नको!

पुणे, २८ नोव्हेंबर

चि. सोन्यास,


तुझा परवाचा निरोप दोनदा ऐकला, एकदा आनंदाने आणि एकदा काळजीने. मुलगी आवडली, छान झालं. तिने घरी बोलावलं, त्याहून छान. पण ‘नाताळला तिला सोन्याची साखळी देतोय’ हे ऐकलं आणि माझा चहा तसाच राहिला. अरे, ओळख सप्टेंबरातली! आपल्याकडे मुलीच्या अंगावर सोनं घालतात ते कधी? आधी मोठी माणसं बसतात, याद्या होतात, मानपानावरून एखादी मावशी रुसते, मग. तू रुसायला एकही मावशी हाताशी नसताना थेट साखळीवर पोचलास.

जन्मभर जर्मन शिकवलं आहे, तेव्हा तुझ्या त्या जर्मनीतल्या चार रीती मला ठाऊक आहेत. निमूट ऐक. जर्मन घरांत भेटी उघडतात २४ डिसेंबरच्या संध्याकाळी, झाडापाशी, आणि ती संध्याकाळ अगदी घरच्यांची. तुला बोलावलंय २६ला, कॉफीला. २६ही सुट्टीच असते, पण ती पाहुण्यांच्या जाण्यायेण्याची. म्हणजे तुला बघायला बोलावलंय, आपला मानून नव्हे. यात वाईट वाटून घेऊ नकोस, आपल्याकडचे कांदेपोहे तरी दुसरं काय असतात? आता डोळ्यांपुढे आण: तिचे आईवडील, आजी, टेबलावर केक, आणि तू खिशातून मखमली चौकोनी डबी काढतोयस. आत साखळी असो की कानातलं, डबी उघडेपर्यंत सगळ्यांच्या मनात एकच वस्तू. आजी चष्मा शोधणार. पोरगी बिचारी धास्तावून झाकण उघडणार आणि आत अंगठी नाही म्हणून सुटकेचा सुस्कारा टाकणार. एवढे पैसे घालून तू विकत काय घेतलंस, तर तो सुस्कारा.

नाताळच्या बारा दिवसांचं इंग्रजी गाणं माहीत आहे ना? १७८०मध्ये लंडनला छापलेलं. त्यातला प्रेमवीर रोज नवी भेट पाठवतो आणि मागच्या साऱ्या पुन्हा पाठवतो. वर्गातल्या एका पोराने एकदा फळ्यावर हिशेब मांडला होता: एकूण ३६४ भेटी. त्यात १८४ पक्षी, ४० अंगठ्या, ४० गवळणी आणि वर ढोलवाले, पावेवाले. त्या मुलीचं उत्तर गाण्यात कुठेच नाही. हंस-बदकांच्या त्या कलकलाटात ती उत्तर लिहायला बसणार तरी कुठे?

आणखी एक. जोएल वाल्डफोगेल नावाच्या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने १९९३मध्ये नाताळच्या भेटींचा हिशेब केला. मिळालेली वस्तू घेणाऱ्याच्या लेखी किती किमतीची, असं त्याने विद्यार्थ्यांना विचारलं. एक दशांश ते एक तृतीयांश किंमत बुडालेली निघाली. जास्त बुडते ती आजीआजोबा, काका, आत्या यांनी दिलेल्या वस्तूंची, आणि कमी बुडते ती मित्रांनी आणि प्रेमातल्या माणसांनी दिलेल्यांची. (मी विणलेला मोरपंखी स्वेटर तुझ्या एकाही फोटोत नाही, तेव्हा माझा या हिशेबावर पूर्ण विश्वास आहे.) मित्रांची, प्रेमातल्यांची कमी का बुडते, तर त्यांनी समोरच्याचं बोलणं ऐकलेलं असतं. तू मात्र तिचं सोडून सराफाचं ऐकलंस.

मग द्यायचं काय? ४ डिसेंबरला संत बार्बाराचा दिवस. त्या दिवशी चेरीची फांदी कापून घरात उबेला पाण्यात ठेवतात, ती नाताळच्या सुमारास फुलते. फुलली तर घरातल्या उपवर मुलीचं पुढच्या वर्षी लग्न ठरतं, असा जुना समज. काही ठिकाणी तर मुली एकेका फांदीला एकेका इच्छुकाचं नाव देत आणि कोण आधी फुलतो ते बघत. तू एक फांदी नेऊन दे. अर्थ मुळीच सांगू नकोस, तो तिच्या आजीला ठाऊक असेल. नाही फुलली तर हीटरला बोल लाव. पण फांदी फुलवाल्याकडून विकत घे बरं. ती आपल्या सोसायटीतली जास्वंद नव्हे, पहाटे पिशवी घेऊन निघायला.

तिला तुझा वेलचीचा चहा आवडला असं म्हणाला होतास. तुळशीबागेतून छोटा पितळी खलबत्ता आणलाय, सोबत वेलची. खालच्या मजल्यावरची मुलगी दहा तारखेला तुझ्याच गावी निघते आहे, तिच्याबरोबर पाठवते. जड आहे म्हणून कुरकुरली, पण तिच्या आईने मागच्या वेळी माझ्याकडून तिच्यासाठी लोणचं नेलंय, त्यामुळे बोलू शकत नाही. घरच्यांसाठी कयानीची श्रूजबेरी बिस्किटं. कॅम्पात आत्तापासूनच गर्दी आहे, सकाळी लवकर जाईन.

तिच्या आईला फुलं ने, पण विषम संख्येत, आणि दारातच कागद काढून हातात दे. लाल गुलाब नकोत, ते भलतंच होईल. शेवंतीही नको. आपल्याकडे ती दसऱ्याची, तिकडे स्मशानातली. दिवाळीच्या आदल्या रात्री लक्ष्मी रोडवर धावणाऱ्या आपल्या घराण्याला जागू नकोस. २४ला दुपारी दोनला दुकानं बंद होतात, ती थेट २७ला उघडतात. आणि मोजे बिनभोकाचे घाल, त्यांच्याकडे दारातच बूट काढावे लागले तर?

साखळीचे पैसे भरले असशील तर परत घे, बिल जपून ठेवलं असशील अशी आशा आहे. तुझ्या स्टुटगार्टकडचे श्वाबी लोक काटकसरीसाठी जर्मनीभर प्रसिद्ध आहेत, अगदी आपल्या सदाशिव पेठेच्या तोडीचे. उधळ्या मुलगा त्यांना डोळ्यांसमोर नको होतो. सोनं लागलंच पुढे कधी, तर आजीची मोहनमाळ कपाटात आहे आणि ती कोणासाठी ठेवलीय हे तिने मला सांगून ठेवलंय.

वहिनीचा गुडघा आता बरा आहे. दादाला मी यातलं काहीच सांगितलेलं नाही. वहिनीला सांगितलंय, म्हणजे एव्हाना त्याला कळलं असेल.

तुझी,
आत्या