दुःखाच्या घरची चूल

मयत पोचवून माणसे घरी परतली की त्या दिवशी चूल कोणी पेटवावी? प्रश्न स्वयंपाकाचा दिसतो, पण आहे नीतीचा.

यहुदी लोकांचा याबाबत जुना दंडक आहे. (आपल्या कोकणातले शनवार तेली, म्हणजे बेने इस्राएल, याच धर्माचे.) दफन करून आल्यावर शोकातल्या माणसाने पहिले जेवण स्वतःच्या घरचे खायचे नाही, ते शेजाऱ्यांनी आणायचे. त्यात उकडलेली अंडी असतात, मसूर असते. मसूरच का? तर मसुरीला तोंड नसते आणि शोक करणाऱ्यालाही तोंड नसते, असे त्यांचे जुने पंडित सांगतात. पुढे सात दिवस घरची माणसे कामधंदा सोडून खाली बसतात. भेटायला येणाऱ्याने आधी बोलायचे नाही. ते बोलले तर बोलायचे. आपल्याकडे 'कसं झालं हो?' म्हणून दहादा वदवून घेणारे पाहिले की हा नियम मनापासून पटतो.

घरातले आरसे झाकणे, भांड्यांतले पाणी ओतून देणे, अशा लोकरूढीही त्यांच्यात आहेत. त्यांतल्या काहींमागे भुताखेतांचे भय आहे. त्या आणि शेजाऱ्याची भाकरी एका मापाने मोजू नका.

पण मला महत्त्वाची वाटते ती तालमूद या त्यांच्या ग्रंथातली कबुली. पूर्वी श्रीमंताच्या दुःखी घरी जेवण सोन्याचांदीच्या पाट्यांतून जाई, गरिबाकडे सोललेल्या काटक्यांच्या परडीतून. गरिबाला लाज वाटे. म्हणून ठरले, सर्वांकडे परडीच न्यायची. त्याहून भयंकर म्हणजे अंत्यविधीचा खर्च नातेवाइकांना मृत्यूपेक्षा जड होई. लोक प्रेत टाकून पळून जात! अखेर रब्बान गमलिएल या थोर मानकऱ्याने स्वतःचा मान बाजूला ठेवला. त्याला साध्या तागाच्या वस्त्रात नेले, आणि मग सर्वांनी तसेच केले.

हे गरिबाने केले असते तर लोक म्हणाले असते, ऐपत नव्हती. दिवसाच्या जेवणासाठी कर्ज काढणाऱ्या भावाला नुसता उपदेश करताना आपण हेच विसरतो. वस्तीतल्या नोकरदाराच्या घरी पंगत उठत असेल, तर मजुराने ती कोणत्या तोंडाने टाळावी?

आजही परंपरा पाळणाऱ्या यहुदी घरात सावकार असो वा हमाल, सर्वांना तेच साधे पांढरे कफन घालतात.