ओळखीचे तेवढेच दिसतात

रायपूरच्या तात्यापाऱ्यातून समुद्र शेकडो किलोमीटर दूर. तरी इथल्या पाण्याचं समुद्राशी नातं आहेच. महादेव घाटावरून वाहणारी खारून शिवनाथला मिळते, शिवनाथ महानदीला. कटकजवळ महानदीला फाटे फुटतात आणि तिचं काही पाणी दया, भार्गवी या नद्यांवाटे ओडिशातल्या चिलिका सरोवरात उतरतं. नदीचं गोडं आणि समुद्राचं खारं पाणी तिथे एकत्र नांदतं. १९८१ साली महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलेलं हे सरोवर इरावती डॉल्फिनचंही घर आहे.

याच चिलिकाचं पाणी हैदराबादच्या 'सीसीएमबी' या संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी तपासलं. या तपासणीत जाळं टाकायचं नाही, मासा धरायचा नाही. काही लिटर पाणी घ्यायचं आणि अतिसूक्ष्म छिद्रांच्या पडद्यातून गाळायचं. खवले, कातडीच्या पेशी, विष्ठा, अंगावरचा बुळबुळीत थर यांतून पाण्यात सुटलेला डीएनए पडद्यावर अडकतो. तो वाचला की तिथे कोण वावरतं, ते कळतं. हा माग पाण्यात फार दिवस टिकत नाही, त्यामुळे साक्ष ताजी असते.

पण खरी मेख पुढे आहे. वाचलेला डीएनए ताडून पाहायला आधीची नोंद लागते. कुणीतरी कधीतरी तो मासा हातात घेऊन, परांचे काटे मोजून, त्याची जात ठरवून, डीएनए नोंदवून ठेवलेला असेल तरच ओळख पटते. नाहीतर माग मिळतो, नाव मिळत नाही. नोंद नाही म्हणजे पाण्यात नाही, असं मात्र नव्हे.

आपल्या नजरेचंही असंच आहे. नाव ठाऊक असेल तेवढंच तिला दिसतं. उरलेल्यांना 'कसलंसं झाड', 'कुठलासा पक्षी', 'तो सफाईवाला' म्हणून आपण मोकळे होतो. बाजारात मासे विकणारी बाई मोंगरी, टेंगना, कोतरी एका नजरेत वेगळे सांगते. आपल्या लेखी ते सारे नुसते मासे. तिला आज एखाद्या माशाचं नाव विचारून घ्यावं. उद्या तो मासा बाजारात यायचा थांबला, तर ते लक्षात यायलाही तो आधी ओळखीचा असावा लागतो.