कणखर आणि हळवी

ताम्हिणी घाटाच्या पायथ्याला भिऱ्याचं वीजघर आहे. मुळशी धरणाचं पाणी बोगद्यातून तिथं उतरतं आणि 1927 पासून तिथली वीज तारांवरून मुंबईला जाते. या पाण्याखाली मावळातली गावं आहेत, सेनापती बापटांचा 1921 चा धरणाविरुद्धचा सत्याग्रह आहे. ते विसरून या तारांकडे बघता येत नाही. आज सकाळी मात्र मन अडकलं ते तारेच्या थरथरीत.

मंद, एकसारखा वारा ताणलेल्या तारेला लागला की तारेच्या आडोशाला हवेचे भोवरे तयार होतात. एक वरून सुटतो, एक खालून, आणि त्या तालावर तार कापू लागते. हे कापणं तारेच्या जाडीपेक्षाही लहान असतं, पण वर्षानुवर्षं चाललं तर आधारापाशी तारेचे पेड तुटतात. म्हणून मनोऱ्याजवळ तारेला डंबेलसारखी छोटी वजनं टांगलेली असतात. कंपन त्यांच्यात जिरतं. वीज वाहून नेणाऱ्या तारेनं गप्प राहावं, हीच इथं अपेक्षा.

आता ही तार कोट्यवधी पटींनी लहान झाली, असं समजा. कार्बनच्या अणूंची एक अणू जाडीची जाळी म्हणजे ग्राफीन. ती गुंडाळून झालेली नळी म्हणजे कार्बन नॅनोट्यूब. व्यास एकदोन नॅनोमीटर. धातूच्या दोन टोकांमध्ये, खोदलेल्या चरावर ही नळी अधांतरी ताणायची. 2004 मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात व्हेरा साझोनोव्हा, पॉल मॅकयुएन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशी नळी विजेनं छेडली, आणि तिचा आवाज विजेनंच ऐकला. चराच्या तळाशी एक विद्युतपट्टी असते, तिला गेट म्हणतात. गेटवर विद्युतदाब दिला की नळीवर विद्युतभार जमतो, नळी खाली ओढली जाते, ताण वाढतो आणि तिचा सूर चढतो. तंबोऱ्याची खुंटी पिळावी तसं हे, फक्त खुंटीला हात लावायचा नाही. सूर असतो सेकंदाला कोट्यवधी कंपनांचा.

मला सगळ्यात विलक्षण वाटतं ते पुढचं. ही नळी स्वतःच ट्रान्झिस्टर आहे. ती हलली की गेटपासूनचं तिचं अंतर बदलतं, अंतराबरोबर तिच्यावरचा भार बदलतो आणि भाराबरोबर तिच्यातून वाहणारा प्रवाह. वाजणारी तीच आणि स्वतःचं वाजणं टिपणारीही तीच. वेगळा कान लागत नाही.

नॅनोट्यूबची ख्याती आहे ती ताकदीची. ताणाला ती पोलादाच्या पाचेक पट ताठ असते, हे वाक्य विज्ञानाच्या प्रत्येक पुरवणीत भेटतं. आपल्या मनातही एक वाटणी पक्की बसलेली असते: जे कणखर ते निबर, आणि जे हळवं ते तकलादू. माणसांनाही आपण अशाच दोन रांगांत उभं करतो. या नळीपाशी मला ती वाटणी टिकताना दिसत नाही. कार्बनच्या अणूंमधला जो घट्ट बंध तिला ताठ करतो, त्यानंच तिचा सूर उंच आणि स्वच्छ राहतो. आणि अणू हलके, थोडे असल्यामुळे बारीकशी भरसुद्धा तिला जाणवते. दोन्ही गुण एकाच घडणीतून आलेले आहेत.

किती जाणवते? 2009 मध्ये नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट आणि स्पेनमधल्या बार्सिलोना इथल्या दोन गटांनी, नळी कडाक्याच्या थंडीत ठेवून, दाखवलं की नळीवर एकेक इलेक्ट्रॉन चढतो-उतरतो तेव्हा तिचा सूर हलतो. एक इलेक्ट्रॉन! मात्र इलेक्ट्रॉनांची ही ये-जा कंपनातली ऊर्जाही थोडी थोडी पळवते. प्रवाह वाढला की नाद लवकर विझतो. ऐकण्यासाठी जो प्रवाह सोडायचा तोच सुराला खातो. आपणही एखाद्याच्या दुःखाची फार चौकशी करतो, तेव्हा असंच काहीसं होत असावं.

आपल्याकडे हे काम कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होतं. तिथं मंदार देशमुख यांच्या गटानं अशाच अधांतरी ताणलेल्या ग्राफीनवर प्रयोग केले. 2010 मध्ये त्यांनी या कंपनांवरूनच ग्राफीनचं प्रसरण मोजलं. भिऱ्याची तार उन्हानं तापली की लांबते आणि झोल पडतो. ग्राफीन उलट आक्रसतं, कारण उष्णतेनं त्याची जाळी वरखाली लाटांसारखी उचंबळते आणि त्या लाटांत कडा आत ओढल्या जातात. खोलीच्या तापमानापासून उणे 243 अंश सेल्सिअसपर्यंत त्यांना हेच दिसलं. थंड होताना ग्राफीन पसरू बघतं, त्याला धरून ठेवणारं सोनं आक्रसतं, आणि या ओढाताणीत सोनं जिंकून सूर वर जातो. अणूभर जाडीच्या पडद्याचा स्वभाव त्याच्या सुरातून ओळखायचा, हे मुंबईत, समुद्राकाठच्या एका प्रयोगशाळेत घडलं याचा मला मनापासून आनंद आहे. देशमुखांना 2015 मध्ये भटनागर पुरस्कार मिळाला. मराठी घरांत त्यांचं नाव अजून पुरेसं पोचलेलं नाही.

2012 मध्ये बार्सिलोनाच्या गटानं दीडशे नॅनोमीटर लांबीच्या नळीचा तराजू केला. तिच्यातले कार्बनचे अणू मोजले तर काही दहा हजारांत भरतील, आणि सूर सेकंदाला जवळपास दोन अब्ज कंपनांचा. एखादा रेणू तिच्यावर येऊन बसला की तेवढ्या वजनानं सूर उतरतो; किती उतरला त्यावरून रेणूचं वजन. पण आरंभी आकडे स्थिर राहत नव्हते. आधीच चिकटलेले रेणू नळीच्या अंगावर इकडेतिकडे सरकत होते. मग त्यांनी नळीतूनच प्रवाह सोडून तिला तापवलं, ते जुने रेणू उडून गेले, आणि त्यानंतर तिनं एका प्रोटॉनच्या वजनाइतका फरक सांगितला.