नासरेथचा सुतार

चारही शुभवर्तमाने वाचली तरी योसेफाच्या तोंडचा एकही शब्द सापडत नाही. तो आपल्याला कळतो तो त्याच्या कृतींवरून. मूळ ग्रीक भाषेतील 'तेक्तोन' हा शब्द लाकूडकामाप्रमाणेच बांधकाम करणाऱ्यालाही लागू पडे. म्हणजे हा माणूस अंगमेहनतीचा.

नासरेथ तर लहानसे गाव. अशा ठिकाणी कारागिराचे भांडवल दोनच गोष्टी: हत्यारे आणि नाव. वाग्दत्त मरीया गर्भवती असल्याचे कळले तेव्हा नियमशास्त्र योसेफाच्या बाजूस होते. चारचौघांत तिला दोषी ठरवून त्याला आपले नाव राखता आले असते. मत्तय त्याला नीतिमान म्हणतो, ते मात्र तिची बेअब्रू होऊ नये असे त्याच्या मनात आले त्या प्रसंगी! देवदूत स्वप्नात आला तो त्यानंतर. मग त्याने तिचा स्वीकार केला आणि आपली पत पणास लावली. आपल्यापैकी कितीजण असे करतील?

मंदिरातील त्यांचे अर्पण गरिबांचे, पाखरांच्या जोडीचे होते. तरीही दरवर्षी वल्हांडणासाठी हे कुटुंब शंभर किलोमीटरहून दूर यरुशलेमेस जाई. हातावर पोट असणाऱ्यांना तितक्या दिवसांची मजुरी बुडणे म्हणजे काय, हे ठाऊक असते.

पुढे येशू सभास्थानात शिकवू लागला, तेव्हा गावकऱ्यांनी त्याला हिणवण्यासाठी बापाचा धंदा काढला. ज्या मुलाला योसेफाने आपला म्हणून वाढवले, त्याला गाव अजूनही त्या सुताराच्याच नावाने ओळखत होते.