देवाने केलेला शेवट आणि वाचकाचा न्याय

माणसांच्या हातून किंवा माणसांवर ओढवलेल्या संकटाचे निवारण एखाद्या सर्वसमर्थ शक्तीने एका क्षणात केले, तर ते न्याय्य मानावे की नाही, हा प्रश्न जितका धर्मचिंतनाचा तितकाच साहित्यशास्त्राचाही आहे. ब्रिटिश कादंबरीकार पीटर एफ. हॅमिल्टन यांच्या 'नाइट्स डॉन' या त्रिखंडात्मक कादंबरीभोवती वाचकांमध्ये जो वाद झाला, त्याचा गाभा हाच होता. 'द रिअ‍ॅलिटी डिसफंक्शन' (1996), 'द न्यूट्रोनियम अल्केमिस्ट' (1997) आणि 'द नेकेड गॉड' (1999) हे या कादंबरीचे तीन खंड. ज्या विज्ञानकथेत अनेक ग्रहमाला, राज्ये, युद्धे आणि शेकडो पात्रे यांचा विस्तीर्ण पट मांडलेला असतो, तिला 'स्पेस ऑपेरा' म्हणतात. ही कादंबरी त्या प्रकारातली. मात्र तिच्यातील संकट यंत्रांचे किंवा परग्रहवासीयांच्या स्वारीचे नसून मृतांचे आहे. सत्ताविसाव्या शतकात, माणूस अनेक ताऱ्यांभोवती वसला असताना, पूर्वी मेलेल्यांचे आत्मे मरणोत्तर पोकळीतून परततात आणि जिवंतांच्या देहांचा ताबा घेऊ लागतात.

या संकटाची उकल तिसऱ्या खंडाच्या अखेरीस होते. कथानायक जोशुआ कॅल्व्हर्ट दूरच्या प्रवासानंतर एका प्राचीन, सचेतन आणि अमर्याद सामर्थ्याच्या अस्तित्वापर्यंत पोहोचतो, आणि त्याच्या साहाय्याने पछाडलेल्या जगांची सुटका होते. यावर अनेक वाचकांचा आक्षेप असा की, हजारो पानांत वाढवत नेलेला गुंता लेखकाला सोडवता आला नाही, म्हणून त्याने शेवटी देव आणून उभा केला. समर्थकांचे उत्तर असे की, हा देव आयत्या वेळी अवतरलेला नाही. त्याचा ओझरता उल्लेख पहिल्या खंडातच येतो, त्याला शोधून काढण्यासाठी माणसांना कष्ट घ्यावे लागतात, आणि मिळालेल्या सामर्थ्याचे काय करायचे हा निर्णय अखेर माणसानेच घ्यायचा असतो.

या वादाला जुना शास्त्राधार आहे. अ‍ॅरिस्टॉटलने आपल्या काव्यशास्त्रात कथानकाची उकल कथानकातूनच व्हावी, ग्रीक रंगभूमीवर यंत्राने उतरवल्या जाणाऱ्या देवतेकडून होऊ नये, असे सांगितले. भरताच्या नाट्यशास्त्राची भूमिका यापेक्षा वेगळी आहे. नाटकाच्या पाच संधींपैकी, म्हणजे कथानकाच्या पाच टप्प्यांपैकी, शेवटच्या निर्वहण संधीत अद्भुत रस असावा, असे भरत म्हणतो. त्यामुळे शेवटी विस्मयकारक घटना घडणे हा भारतीय साहित्यविचारात मुळात दोषच नाही. परंतु त्याच शास्त्रात 'बीज' ही संकल्पना आहे. आरंभी सूक्ष्म रूपाने पेरलेले आणि पुढे विस्तारत जाऊन फळाला येणारे जे कारण, ते बीज. आणि निर्वहणात एकत्र यायचे असते ते या बीजाशी निगडित असलेले सारेच. या कसोटीवर समर्थकांची बाजू वरचढ ठरते, कारण बीज पेरलेले आहे. तरीही आक्षेप घेणाऱ्यांचे समाधान होत नाही, यावरून त्यांची खरी तक्रार रचनेची नसून नीतीची आहे, हे ध्यानात येते. जे सुटले ते पात्र होऊन सुटले काय, असे त्यांना विचारायचे आहे.

हाच प्रश्न हिंगोली जिल्ह्याच्या भूमीत सुमारे सातशे वर्षांपासून दोन कथांच्या रूपाने नांदतो आहे. संत नामदेवांचा (1270–1350) जन्म नरसी येथे झाला असे एक परंपरा मानते, आणि त्याच जिल्ह्यातील औंढा नागनाथ हे क्षेत्र बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक म्हणून पूजले जाते. पहिली कथा अशी की, औंढ्याला देवळासमोर कीर्तन करण्यास नामदेवांना मज्जाव झाला, ते देवळामागे जाऊन कीर्तन करू लागले, तेव्हा देऊळच फिरून त्यांच्याकडे तोंड करून उभे राहिले. देऊळ फिरल्याचा निर्देश गुरू ग्रंथसाहिबात समाविष्ट असलेल्या नामदेवांच्या पदांतही आढळतो, त्यामुळे ही कथा मराठी मुलखापुरती राहिलेली नाही. दुसरी कथा विसोबा खेचरांची आहे. गुरूच्या शोधात आलेल्या नामदेवांना विसोबा शिवपिंडीवर पाय ठेवून निजलेले दिसले. नामदेवांनी हरकत घेताच, जिथे देव नसेल तिथे माझे पाय ठेव, असे विसोबा म्हणाले. आणि नामदेव पाय ज्या ज्या जागी ठेवू लागले, तिथे तिथे पिंडच प्रकट झाली.

चमत्कार दोन्ही कथांत आहे, पण त्याचे कार्य वेगळे आहे. पहिल्या कथेत देव भक्तासाठी बाहेरचे जग बदलतो: अन्याय झाला होता, तो दूर झाला. भक्ताला न्याय मिळतो खरा, पण ज्यांनी त्याला अडवले त्यांच्या दृष्टीत काय फरक पडला, हे कथेचे मुख्य सूत्र नाही. दुसऱ्या कथेत बाहेर काहीच दुरुस्त होत नाही; बदलतो तो पाहणारा. देव अमुक एका ठिकाणीच आहे ही नामदेवांची समजूत ढळते, आणि तीही उपदेशाने नव्हे, तर प्रश्न त्यांच्याच हाती सोपवल्यामुळे. धर्मचिंतनाच्या भाषेत बोलायचे तर, पहिली कृपा परिस्थितीवर होते आणि दुसरी बोधावर. कृपा म्हणजे पात्रतेच्या हिशेबाबाहेर मिळालेले ईश्वरी साहाय्य; भक्तिपरंपरेने ती नाकारली नाही, पण बोधाशिवायची कृपा अपुरी मानली. त्याच परंपरेत विठ्ठलाचा लाडका असूनही नामदेव संत गोरोबाकाकांच्या परीक्षेत कच्चे ठरल्याची कथा सांगितली जाते, ती याच कारणाने.

या दृष्टीने पाहता 'नाइट्स डॉन'मध्येही दोन्ही प्रकारच्या कृपा आढळतात. त्यातील किंट नावाच्या अतिप्रगत परग्रहवासीयांना मृत्यूच्या कोड्याचे उत्तर ठाऊक आहे, पण ते सांगत नाहीत. प्रत्येक जीवजातीने ते स्वतःच शोधले पाहिजे, अशी त्यांची भूमिका आहे. हे मौन पाहून चिडलेले वाचक आहेत, परंतु विसोबांनीही नामदेवांना उत्तर दिले नव्हते. कादंबरीतील दुसरा विचार त्याहून मोलाचा आहे: मरणोत्तर पोकळी हा कायमचा तुरुंग नव्हे, तिच्यातून पुढे जाता येते, आणि तिथे खिळून राहतात ते गेलेल्या आयुष्याला चिकटून बसलेले आत्मे. वासना अडकली की जीव घोटाळत राहतो, ही मराठी घरांत दहाव्याच्या दिवशी कावळा पिंडाला शिवेपर्यंत ताटकळणाऱ्या आप्तांना परिचित असलेली धारणा, एका इंग्रज लेखकाच्या अंतराळकथेत वेगळ्या वाटेने पोहोचलेली दिसते. मात्र शेवटाकडे येताना कादंबरी हा धागा गौण करते. कोट्यवधी माणसांचे देह मुक्त होतात ते त्यांना काही उमगले म्हणून नव्हे, तर त्यांच्या वतीने एकाने सामर्थ्य वापरले म्हणून. देऊळ फिरते, पण विसोबांचा प्रश्न फार थोड्यांपर्यंत पोहोचतो.

या शेवटात आणखी एक बाजू आहे, ती विज्ञानाची. कादंबरीतील देव म्हणजे एक 'नग्न विलक्षणता' आहे. अतिवजनदार तारा स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाने कोसळला की ज्या बिंदूपाशी घनता अनंत होते आणि भौतिकीचे ज्ञात नियम चालेनासे होतात, त्याला विलक्षणता म्हणतात. कृष्णविवरात ती घटनाक्षितिजाच्या, म्हणजे जिथून प्रकाशही परतत नाही अशा सीमेच्या आड झाकलेली असते. निसर्ग ती नेहमी झाकूनच ठेवतो, असे अनुमान रॉजर पेनरोझ यांनी 1969 मध्ये मांडले. तर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील पंकज जोशी यांनी गुरुत्वीय कोसळण्यातून उघडी, म्हणजे नग्न, विलक्षणताही निर्माण होऊ शकते, हे गणिताने दाखवण्याचा दीर्घ प्रयत्न केला. जिथे नियम संपतात तिथे देवाला जागा द्यावी, ही हॅमिल्टन यांची कल्पना म्हणूनच चतुर आहे, पण धोक्याचीही आहे. अज्ञानाच्या फटीत बसवलेला देव ज्ञान वाढले की मागे सरतो. जयंत नारळीकरांनी मराठी विज्ञानकथेला जी शिस्त लावली, तीत चमत्काराला विज्ञानाच्या चौकटीबाहेर मोकळीक नव्हती. 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत टोपणनावाने पाठवलेली त्यांची पारितोषिकपात्र कथाही कृष्णविवरावरचीच होती.

विज्ञानाचा हा धागा नामदेवांच्या भूमीतही येऊन पोहोचला आहे: आज औंढा नागनाथजवळ दुधाळा येथे लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहत आहे. प्रत्येकी 4 किलोमीटर लांबीच्या दोन भुजांतून लेझर किरण पाठवून कृष्णविवरांच्या टकरीने अवकाशात उठणारे अतिसूक्ष्म कंप टिपणे, हे तिचे काम असेल. अशा लहरींचा पहिला वेध अमेरिकेतील लायगोने 14 सप्टेंबर 2015 रोजी घेतला. नागनाथाचे देऊळ आणि ही वेधशाळा एकाच तालुक्यात असणे हा योगायोग असला, तरी दोन्हींकडून मिळणारे धडे एकमेकांना छेद देणारे नाहीत. वेधशाळेला विश्वाने आपल्यासाठी फिरावे अशी अपेक्षा करता येत नाही. तिला आपलेच कान तीक्ष्ण करावे लागतात, जसे विसोबांच्या कथेत पाहणाऱ्यालाच बदलावे लागले.

म्हणून 'नाइट्स डॉन'वरील आक्षेप अर्धाच ग्राह्य ठरतो. कथेत देव आला, यात दोष नाही; बीज पेरलेले असेल तर तो येऊ शकतो, आणि भारतीय वाचकाला त्याचे वावडे असण्याचे कारणही नाही. दोष इतकाच की, देव येऊन गेल्यावर ज्यांची सुटका झाली त्यांतील बहुसंख्य पात्रे पूर्वीसारखीच राहिली. ईश्वरी हस्तक्षेपाने शेवट करणाऱ्या कोणत्याही कथेची, मग ती पुराणातील असो वा अंतराळातील, कसोटी एकच असावी: त्या हस्तक्षेपाने संकट टळले यावर न थांबता, संकटात सापडलेल्याची दृष्टी बदलली की नाही, हे वाचकाने तपासावे.