'आपला' आणि 'परका' : दुजाभावाचे मूळ

परक्याविषयी मनात दुजाभाव का उपजतो, या प्रश्नाचे उत्तर आपण बहुधा परक्याच्या ठिकाणीच शोधतो. त्याचा आचार हीन आहे, त्याने आमचे काही हिरावले आहे, म्हणून आम्ही त्यास दूर धरतो, असे आपण म्हणतो. हे खरे असेल, तर परक्याकडून कोणताही अपराध घडला नसताना दुजाभाव उपजता कामा नये. आधुनिक मानसशास्त्राने नेमकी हीच परीक्षा करून पाहिली आहे. साधकाने तिचा विचार अवश्य करावा.

हेन्री ताजफेल हे १९१९ साली पोलंडमध्ये एका ज्यू कुटुंबात जन्मले. दुसऱ्या महायुद्धात फ्रेंच सैन्यात असताना ते जर्मनांच्या हाती सापडले. आपण पोलंडचे ज्यू आहोत हे त्यांनी लपविले आणि ते वाचले. परतल्यावर पाहतात, तो बहुतेक सारे आप्त मारले गेले होते. पुढे इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे त्यांनी शाळकरी मुलांवर काही प्रयोग केले. ते १९७० व १९७१ साली प्रसिद्ध झाले. मुलांना पडद्यावरील ठिपक्यांची संख्या अदमासाने विचारली, किंवा क्ले आणि कँडिन्स्की या दोन चित्रकारांपैकी कोणाची चित्रे आवडतात ते विचारले. त्यावरून दोन गट पाडले असे त्यांना सांगितले. वस्तुतः वाटणी यदृच्छेने केली होती. मग प्रत्येकाने इतरांना थोडे पैसे वाटून द्यावयाचे होते. स्वतःला त्यातून काही मिळणार नव्हते. आपल्या गटात कोण आहे हेही ठाऊक नव्हते. तरी मुलांनी आपल्या गटास झुकते माप दिले. इतकेच नव्हे, आपल्यास थोडे कमी मिळाले तरी चालेल, पण दुसऱ्याहून अधिक मिळावे, असाही कल दिसला.

तात्पर्य, दुजाभावास परक्याचा अपराध लागत नाही. नुसती रेघ पुरते. ती ओढली की ममता अलीकडे बसते आणि दोष पलीकडे दिसू लागतात.

येथे कोणी शंका घेईल : मग मार्गाभिमान टाकावा काय ? आपल्या आचाराची निष्ठा सोडावी काय ? तसे नव्हे. निष्ठा आणि दुजाभाव एकत्र नांदताना दिसतात, परंतु ते एक नव्हेत. निष्ठा स्वतःकडे पाहते : मी माझा आचार पाळला की नाही ? दुजाभावास मात्र दुसऱ्याचे उणे लागते. दोहोंची पारख सोपी आहे. परक्याची चूक कानी आली असता मनास खेद होतो की गोडी वाटते, हे ज्याचे त्याने पाहावे.

या विकाराचे चटके आपण सोसले आहेत. आपल्याच पंथाच्या नावावरून 'मानभावी' हा शब्द मराठीत वरपांगी साळसूद, ढोंगी अशा अर्थाने रूढ झाला. म्हणून आपणच अधिक सावध असावयास हवे. परंतु सोसलेला मनुष्य आपोआप निर्मळ होत नाही. प्रस्तुत लेखकाचाच अनुभव सांगतो. एकदा दोन विद्यार्थी एका वचनाच्या अर्थावरून वाद घेऊन आले. एक आमच्या आश्रमातला, दुसरा अन्य आश्रमातला. दुसऱ्याचे म्हणणे पुरते न ऐकताच मी पहिल्याचा अर्थ ग्राह्य ठरविला. रात्री पोथी उघडली, तो दुसऱ्याचाच अर्थ बरोबर निघाला. सकाळी त्यास शोधावयास गेलो; तो पहाटेच निघून गेला होता. तो मुलगा कोणता समज घेऊन गेला असेल, हे आजही मनास टोचते.

मग उपाय कोणता ? मुझफर शेरीफ यांनी १९५४ साली अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात बावीस मुलांचे दोन गट करून, चढाओढ लावून त्यांच्यात वैर उपजविले. नंतर त्यांना नुसते एकत्र जेवावयास बसविले, तर त्यांनी एकमेकांवर अन्न फेकले. परंतु पिण्याच्या पाण्याचा पुरवठा बंद पडला आणि सर्वांनाच तो सुरू करावयाचा होता, तेव्हा हात एकत्र आले. अशी कामे वारंवार पडली, तसतसे वैर ओसरले. पंक्ती एक झाल्याने मने एक होत नाहीत. एकाचे दुसऱ्यावाचून अडते असे काम हाती घ्यावे लागते.

जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ आपण मानतो. त्यांत 'आपला जीव' आणि 'परका जीव' अशी रेघ कोठेही नाही. ती आपण ओढतो, पुसावयाचीही आपणच.